शोधण्याची मजुरी

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये आपण सगळेच कधी ना कधी बसलेलो आहोत. आधी काउंटरवर तपासणी फी भरायची, पावती घ्यायची, मग नंबर येईपर्यंत भिंतीवरचे तक्ते वाचत बसायचं. डॉक्टर पोट दाबतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात, चार प्रश्न विचारतात आणि म्हणतात, "काही नाही, घाबरू नका." आपण बाहेर येतो ते खुशीत. तुम्ही तर काहीच केलं नाही, फी परत द्या, असं म्हणणारा पेशंट मी तरी पाहिलेला नाही.

तोच माणूस तिथून निघून देगलूर नाक्याकडं गॅरेजला जातो. मेकॅनिक अर्धा तास गाडीशी झटतो, सीटखाली एक वायर सैल निघते, ती घट्ट करतो. गाडी सुरू होते. "किती झाले?" "द्या पन्नास." "पन्नास? टाकलं काय तू त्यात?"

पुढच्या खेपेला तो मेकॅनिक शहाणा होतो. वायर सैल आहे हे त्याला दिसतं, पण तो कॉइल बदलतो. कॉइलचे पैसे गिऱ्हाईक मुकाट्यानं देतं, कारण नवी वस्तू डोळ्यांना दिसते. कॉइलमध्ये त्याला कमिशन सुटतं, त्याच कमिशनमध्ये त्याची अर्ध्या तासाची अक्कल वसूल होते. यात लबाडी कुणाची, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझ्या मते ती गिऱ्हाइकाची आहे. बिघाड शोधण्याची मजुरी आपण देत नाही, म्हणून आपल्याकडं शोधणारे संपत चाललेत आणि बदलणारे वाढत चाललेत.

हे मी एका काट्याच्या निमित्तानं सांगतो. काटा माझ्या राजदूत साडेतीनशेच्या आरपीएम मीटरचा आहे.

ही गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून वेगळा झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं यामाहाच्या सहकार्यानं ही गाडी भारतात आणली. खुद्द यामाहानं हिचं मूळ असलेली आरडी ३५० बनवणं १९७५ लाच थांबवलं होतं. तरीही बुलेट, येझदी आणि साध्या राजदूतच्या त्या काळात ही गाडी वेगळ्याच जातीची होती. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर, १२ व्होल्टची वायरिंग, ऑइल स्वतःच ओढून घेणारा ऑटोल्यूब पंप. सुरुवातीची 'हाय टॉर्क' ३०.५ हॉर्सपॉवरची, नंतर मायलेजसाठी मंदावलेली 'लो टॉर्क' २७ ची. पेट्रोल पिते, पार्ट मिळत नाहीत आणि हात लावणारा मेकॅनिक मिळत नाही, ही तिच्याबद्दलची तीन जुनी गाऱ्हाणी. पहिल्या दोन्हींवर पैसा हा उपाय आहे, तिसऱ्यावर नाही.

माझी गाडी उदगीरच्या एका आडत्याच्या मुलाची. बाजारात तूर आपटली तेव्हा त्यानं ती काढली आणि मी घेतली. मी वीज मंडळाच्या मीटर तपासणीत नोकरी केलेला माणूस. बुलेट चालवण्याइतका धिप्पाड नाही आणि स्कूटरवर बसण्याइतका सोशिकही नाही. मला या गाडीत सगळ्यात आवडला तो डाव्या-उजव्या दोन डब्यांतला दुसरा मीटर. पहिला गाडीचा वेग सांगतो, दुसरा इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतंय ते सांगतो.

असल्या टू-स्ट्रोक गाडीला हा दुसरा मीटर शोभेपुरता नसतो. खालच्या फेऱ्यांत हे इंजिन आळसावलेलं असतं आणि एका ठराविक आकड्याच्या पुढं ते एकदम अंगात आल्यासारखं उठतं. तो आकडा जवळ आलाय हे काट्यावरून कळतं. गिअर कधी टाकायचा, लोह्याच्या पुढच्या चढावर ट्रकला ओलांडायचं की मागं राहायचं, हे काटा बघून ठरतं. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली ती 'फिल इट, शट इट, फरगेट इट' म्हणत. गाडी विसरून जायची सोय विकणारी ती पहिली मोठी जाहिरात असावी, आणि देशाला ती पटली हेही खरंच. विसरायच्या गाडीला एक मीटर पुरतो.

तर झालं असं की लेकीकडं लातूरला जाताना अहमदपूरच्या अलीकडं हा काटा थरथरायला लागला. चाकूर येईपर्यंत तो उडी मारून लाल पट्ट्यात गेला आणि तिथंच पडून राहिला. इंजिन बंद केलं तरी लगेच शून्यावर येईना. सावकाश, जड अंगानं खाली उतरला. वेगाचा मीटर व्यवस्थित. गाडीच्या आवाजात, ओढीत काही फरक नाही.

लातुरात दाखवली. पहिला म्हणाला, मीटर गेला, नवा टाका. नवा म्हणजे जुनाच, कुठल्यातरी दुसऱ्या साडेतीनशेवरून उतरवलेला, आणि त्याची किंमत ऐकून जावई हसला. दुसऱ्यानं सुचवलं की बाजारात चायनाचा डिजिटल मीटर मिळतो, दोन्ही जुनी डबडी काढून एकच बसवू, मस्त निळा उजेड पडतो. तिसरा सगळ्यात मोकळा माणूस होता. तो म्हणाला, "काका, कशाला पाहिजे तो? स्पीड तर दाखवतंय ना. केबल काढून टाका, भोक बंद करून देतो." गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, त्यातल्या ज्या ज्या रस्त्यावर स्पेअर पार्टचं दुकान आहे तिथं जावयानं विचारलं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. कुणीही मीटरला बोट लावलं नव्हतं. निदान गाडी स्टँडवर लागायच्या आत झालं होतं.

आता हा मीटर आत कसा असतो ते बघा, म्हणजे बोट लावणं किती सोपं होतं ते कळेल.

इंजिनाच्या पोटात एक छोटी गरारी असते. तिच्यात चौकोनी टोकाची केबल बसते आणि इंजिनाबरोबर गरगर फिरते. केबलचं वरचं टोक मीटरच्या बुडात जातं आणि तिथं एक चुंबक फिरवतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते. चुंबक वाटीला कुठंही शिवत नाही. पण तो फिरला की वाटीत भोवरे धरल्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांच्यामुळं वाटी चुंबकाच्या मागं ओढली जाते. वाटीला काटा जोडलेला असतो, आणि तिला मागं खेचून धरायला केसासारखी एक स्प्रिंग. ओढ आणि स्प्रिंग यांचा जिथं तोल जमतो तिथं काटा थांबतो. फिरती तांब्याची तबकडी वर टांगलेल्या चुंबकसुईला मागं ओढते, हे फ्रान्समध्ये आरागोनं १८२४ मध्ये पाहिलं. कारण फॅरेडेनं १८३१ मध्ये सांगितलं. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झेनं १९०२ मध्ये त्यावर वेगमापकाचं पेटंट घेतलं. आपल्या घरात भिंतीवर काळ्या डब्यात एक ॲल्युमिनियमची चकती वर्षानुवर्षं फिरत होती, पंखा लावला की जोरात आणि रात्री हळू, तीही याच भोवऱ्यांवर चालायची. ती चकती धरण्या-सोडण्यात माझी अख्खी नोकरी गेली. म्हणून या काट्याची मला भीती वाटली नाही, इतकंच.

म्हणजे बिघाडाला जागा तीनच: गरारी, केबल, मीटर. पहिली तपासणी कुणालाही करता येते. मीटरच्या बुडाची आटे असलेली टोपी हातानं सोडवायची, केबल बाहेर ओढायची, गाडी सुरू करायची आणि बघायचं की केबलचं टोक फिरतंय का. फिरत असेल तर गरारी आणि केबल शाबूत, दोष बहुधा मीटरचा. फिरत नसेल तर मीटर निर्दोष. पान्हासुद्धा लागत नाही. पुढचं काटा स्वतःच बोलतो, ऐकणारा पाहिजे. मेल्यासारखा पडला असेल तर केबल तुटलेली, नाहीतर तिचं चौकोनी टोक झिजून गोल झालेलं, नाहीतर गरारीचे दात गेलेले. थरथरत असेल तर केबल कोरडी आहे किंवा कुठंतरी तिला फार चिंचोळा बाक दिलाय. कायम थोडं कमी दाखवत असेल तर चुंबक म्हातारा झालाय. इंजिन बंद केल्यावर शून्यावर येत नसेल तर स्प्रिंगकडं बघा. आणि उडी मारून शेवटच्या आकड्याला चिकटत असेल, तर चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये जिथं फक्त हवा असायला पाहिजे तिथं दुसरं काहीतरी शिरलंय.

नांदेडला परत आल्यावर तरोडा नाक्याच्या पुढच्या एका छोट्या गॅरेजात गाडी लावली. गॅरेजचं नाव देत नाही. त्या पोराला आधीच उसंत नाही. त्याला म्हटलं, पार्ट काही आणायचा नाही, नुसतं शोधायचं. तो आधी हसला, मग हात धुऊन बसला. हात धुऊन कामाला बसणारा मेकॅनिक दिसला की मी अर्धा निर्धास्त होतो.

केबल सोडवली, टोक फिरत होतं. मग आतली तार ओढून काढली, आणि हाताला लागलं ते ग्रीस. भरपूर. वरच्या टोकापर्यंत, टोपीच्या आतपर्यंत. कुणीतरी कधीतरी प्रेमानं केबल ग्रीसमध्ये बुडवून बसवलेली होती. आता गंमत अशी की ही तार साधी सळई नसते, ती पीळ घातलेली असते. फिरायला लागली की ती स्क्रूसारखं काम करते आणि पिळातून ग्रीस वर चढवते. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला सहज टेकतो, टाकीखालून इंजिनाची धग वेगळी. ग्रीसचं तेल होतं आणि थेट मीटरच्या पोटात जातं. चुंबक आणि वाटी त्या चिकट्यात एकमेकांना धरतात. चुंबक आता वाटीला नुसता ओढत नाही, फरफटत नेतो. काटा लाल पट्ट्यात. इंजिन बंद केल्यावर तो जड अंगानं का उतरत होता, याचंही उत्तर तेच. म्हणून केबलला वंगण खालच्या भागात, तेही पुसून उरेल इतकंच लावतात. वरची वीतभर कोरडी ठेवतात. आणि थरथरीचं कारण हेडलाइटच्या मागं सापडलं. कधीतरी वायरिंगचं काम करताना कुणीतरी केबल हँडलच्या चुकीच्या बाजूनं घेतली होती. हँडल डावीकडं वळवलं की ती दुमडायची.

दोन बिघाड, आणि दोन्ही दुरुस्तीतूनच जन्मलेले.

मीटर उघडणं मात्र त्या पोराच्या हातचं नव्हतं आणि त्यानं ते सरळ सांगितलं. या मीटरचं झाकण आट्यांचं नसतं, कडेची पत्र्याची पट्टी दाबून बसवलेली असते. ती सरळ करायची तर पत्रा फाटतो, काच तडकते. आम्ही तो मीटर घेऊन वजिराबादला घड्याळवाल्याकडं गेलो. एचएमटी बंद पडल्यापासून या लोकांकडं बॅटरी बदलण्यापलीकडं फारसं काम येत नाही. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, आणि कडेची पट्टी थोड्या थोड्या अंतरावर जराशी उचलत, डबी फिरवत, घाई न करता पूर्ण उघडली. हेअर स्प्रिंगला हात न लावता वाटी आणि चुंबक स्पिरिटनं धुतले, बुशमध्ये सुईच्या टोकानं घड्याळाच्या तेलाचा थेंब सोडला, फुंकर मारली, उलट्या क्रमानं बंद केलं. पैसे विचारले तर म्हणाला, "इसमें डाला क्या मैंने? जो देना है देव." पुन्हा तेच! गिऱ्हाइकांनी इतकी वर्षं विचारून विचारून हा प्रश्न कारागिराच्याच तोंडात बसवलाय.

मीटर बसवला, काटा उठला आणि पडला, सगळे खूश. पण तपासणी खात्यातल्या माणसाला फिरता काटा पुरत नाही. तो खरं बोलतोय का हे बघावं लागतं. यासाठी महागडी यंत्रं मिळतात, तशीच एक फुकटची युक्तीही आहे. जुनी, चोकवाली ट्यूबलाइट घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळं ही ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, फिरत्या वस्तूवर कळतं. साडेतीनशेचं डाव्या बाजूचं कव्हर काढलं की क्रँकच्या टोकाला बसवलेला रोटर दिसतो. त्यावर मध्यापासून कडेपर्यंत खडूची एक रेघ ओढायची, अंधार पडल्यावर ट्यूबखाली गाडी सुरू करायची आणि एक्सलेटर हळूहळू वाढवायचा. (गळ्यात रुमाल असेल तर आधी काढून ठेवा.) रोटर मिनिटाला १२०० फेऱ्यांवर आला की एका रेघेच्या पाच रेघा दिसतात, आणि त्या थांबलेल्या दिसतात. १५०० ला चार, २००० ला तीन. ३००० ला समोरासमोर दोन. ६००० पर्यंत नेण्याची छाती असेल तर एकच रेघ, जणू इंजिन बंद आहे. रेघा थांबल्या की वर मीटरकडं बघायचं. चांगल्या एलईडी बल्बवर हे जमत नाही, त्याचा उजेड सलग असतो. म्हणून माझ्या घरची एक चोकवाली पट्टी मी अजून फेकलेली नाही.

आणि हा मापदंड किती पक्का? आज देशाच्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. म्हणजे ३००० फेऱ्यांत चूक फार तर पाच-सहा फेऱ्यांची. नव्वदच्या दशकात मी ही युक्ती कुणाला सांगितली नसती. तेव्हा आपल्याकडं संध्याकाळी लोड चढला की वारंवारता ४९ च्याही खाली घसरायची, आणि साडेअठ्ठेचाळीसवर हीच रेघ तीन हजारांत नव्वद फेऱ्यांचं खोटं बोलली असती. पश्चिम ग्रिडवर २००२ मध्ये वारंवारतेशी बांधलेली दराची पद्धत आली आणि ती घसरण आवरली. मोटारसायकलच्या काट्याशी याचा काय संबंध, असं गॅरेजातल्या पोरांनी विचारलं. रेघ दिसल्यावर विचारणं थांबलं, आणि बाजूच्या पानटपरीवरची मंडळीही येऊन उभी राहिली.

माझा मीटर ३००० ला थोडं जास्त दाखवतो. तो तसाच ठेवलाय. जास्त दाखवणारा काटा इंजिनाला वाचवतो.

हा हौशी गाड्यांपुरता प्रश्न असता तर मी पेपरात जागा अडवली नसती. आता शेतावर चला. बोअरची सिंगल फेजची मोटार सुरू होत नाही, नुसती गुणगुणते आणि ट्रिप होते. गावात एकच वाक्य ऐकू येतं: मोटार जळाली. मग चार माणसं, दोर, कप्पी, पाइपाचा एकेक तुकडा खोलत मोटार वर काढायची, रिवाइंडिंगला न्यायची, दोन-तीन दिवस पाण्याविना घालवायचे. दोष कित्येकदा वर, भिंतीवरच्या पॅनेलमध्ये असतो. कपॅसिटर गेलेला असतो. मोटार न काढता तिच्या वाइंडिंगचा रोध आणि अर्थिंग वरूनच, पॅनेलमध्ये येणाऱ्या त्याच तीन वायरींवर मोजता येतं. त्याला एक मीटर लागतो आणि तो वाचणारा माणूस. हे सांगणारा इलेक्ट्रिशियन येऊन कपॅसिटर बदलून गेला तर त्याला कपॅसिटरचे पैसे मिळतात आणि वर एक चहा. मोटार काढायला लावणाऱ्याला मजुरी मिळते, रिवाइंडिंगमधला वाटा मिळतो, आणि मोठं काम केल्याचा मानही. २०१६ मध्ये ज्या लातूरनं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालं, त्या मुलखात दोन दिवस बंद पडलेली चांगली मोटार म्हणजे काय हे मी सांगायला नको.

यंत्रानं शोधलं की मात्र आपण पैसे देतो, हे विशेष. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यांच्यात बिघाडाचा कोड सांगणारी व्यवस्था आहे. गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि 'स्कॅनिंग चार्ज' बिलात लिहितो. कुणी तक्रार करत नाही. स्कॅनर म्हणतो अमुक सेन्सरकडून सिग्नल येत नाही. सेन्सर मेलाय, की त्याची वायर उंदरानं कुरतडलीय, की कनेक्टरमध्ये पाणी गेलंय, हे तो सांगत नाही. ते पुन्हा माणसालाच शोधावं लागतं, आणि त्या शोधाचे पैसे पुन्हा शून्य. मग सेन्सर बदलला जातो. सेन्सर वाइंडिंगसारखा दुरुस्तही होत नाही. तो कचऱ्यात जातो.

सरकारला या गोष्टी अगदीच दिसत नाहीत असं नाही. ग्राहक व्यवहार खात्यानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. कंपन्यांनी मॅन्युअल द्यावं, पार्ट द्यावेत, बाहेरच्या दुरुस्तीला अडवू नये. सगळं योग्य. पण मॅन्युअल वाचून तासभर डोकं लावणाऱ्याला तो तास कोण देणार, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं. जुन्या गाड्यांचंही तसंच. २०२१ च्या नियमांप्रमाणं ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला वेगळी नोंदणी मिळते. १९८३ ची साडेतीनशे २०३३ मध्ये तिथं पोचेल. तोवर ती कागदावर नुसती जुनी गाडी, आणि तोवरच तिचे मीटर निळ्या उजेडासाठी भंगारात जाणार.

आयटीआयबद्दलही एक. मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. पोरं इंजिन उघडून जोडायला शिकतात आणि चांगलं शिकतात. माझी सूचना अशी की प्रात्यक्षिक परीक्षेत मास्तरांनी आधी लपून एक बिघाड करून ठेवावा, आणि पोराला एकही पार्ट न देता फक्त विचारावं: कुठं आहे, आणि तुला कसं कळलं? परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्ननं उत्तरापर्यंत लवकर पोचायला शिकवलं, त्यातून डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, मला त्याचा आकस नाही. माझी लेक त्यातूनच गेली. पण बिघडलेली गाडी प्रश्नपत्रिका देत नाही. तिथं प्रश्नही आपणच काढायचा असतो.

परत त्या तरोडा नाक्याच्या गॅरेजकडं. काम झाल्यावर पोरानं मला विचारलं, "काका, याचे किती घ्यायचे?" आम्ही दोघांनी बसून एक पाटी लिहिली. तपासणी इतके रुपये, दुरुस्ती वेगळी. खाली तीन ओळी. बिघाड काय सापडला ते कागदावर लिहून मिळेल. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात मिळेल, आणि तो का खराब आहे ते दाखवलं जाईल. गाडी दुसरीकडं दुरुस्त करायची असेल तर खुशाल न्यावी. या तीन ओळींवाचून नुसती फी लावली असती तर ती लूट झाली असती, आणि लोकांनी तसं म्हटलंही असतं.

आक्षेप आले. एक माझ्या जुन्या सहकाऱ्याचा: निदान चुकलं तर? त्याला मी विचारलं, डॉक्टर लेनमध्ये चुकतं तेव्हा फी परत घेतोस का? दुसऱ्या डॉक्टरकडं जातोस. गॅरेजातही तेच कर. दुसरा आक्षेप खरा अवघड आहे: गरीब माणूस, दूध घालायला जाणारा, ज्याची गाडी बंद पडली म्हणजे दिवस बुडाला, त्यानं दोनदा पैसे का द्यावेत? त्याचं उत्तर पोरानंच दिलं. म्हणाला, तो आज एकदाच देतो, पण नको असलेल्या पार्टचे देतो. तरी काही ओळखीच्या लोकांकडून तो फी घेत नाही, हे मला माहीत आहे. गॅरेज त्याचं आहे, हिशोब त्याचा.

पाटी लागल्यापासून बहुतेक लोक एकच गोष्ट विचारतात: पुढं काम इथंच केलं तर तपासणीचे पैसे बिलातून वजा होतील का? पोरगा आधी हो म्हणायचा. मी त्याला म्हटलं, नाही म्हण. वजा करायला लागलास की ते पैसे भरून काढायला तुला पुन्हा कॉइलच विकावी लागेल.